हापसा कोणाचा? जालना-सोलापुरात घडलेल्या पंपाची आणि तो चालवणाऱ्या गावांची गोष्ट

आज मी एका अशा वस्तूचा इतिहास सांगणार आहे, जी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे, पण तिला काही इतिहास असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. शाळेच्या मागे, देवळासमोर, एसटी स्टँडच्या कोपऱ्यात उभा असलेला लोखंडी खांब, त्याला लांब दांडा, आणि दाबला की कर्र-खट्, कर्र-खट् असा आवाज. हातपंप. आमच्याकडे त्याला हापसा म्हणतात.

माझ्या आजोळी शाळेच्या मागे असा एक हापसा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की आम्हा पोरांचं पहिलं काम म्हणजे त्याच्या दांड्याला लटकणं. एकट्यानं दांडा खाली जायचा नाही. दोघांनी लटकायचं आणि तिसऱ्यानं ओंजळ धरायची. एका सुट्टीत गेलो, तर हापसा बंद. दांडा खालीवर होत होता, पाणी मात्र नव्हतं. मी आजीला विचारलं, "दुरुस्त कोण करणार?" आजी म्हणाली, "सरकारी हाय त्यो. ज्यानं बसवला त्यो यील की." सुट्टी संपली, आम्ही परत आलो, तरी तो 'त्यो' काही आला नव्हता. आजी तोवर मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होती.

तो बंद हापसा माझ्या डोक्यात राहिला. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न फक्त माझ्या आजीचा नव्हता. गावात स्वच्छ पाणी आणायचं कसं, यावर भारतात भरपूर डोकं चाललं. पण आणलेलं पाणी चालू ठेवायचं कुणी, या प्रश्नाला उत्तर मिळायला खूप वेळ लागला. आजची गोष्ट त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

हापशाच्या आधी

आधी थोडं मागे जाऊ. गावात पाणी कुठून यायचं? आड, विहीर, बारव, तळं, आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत उकरलेला झिरा. आज आपण जुन्या बारवांचे सुंदर फोटो टाकतो, रील करतो. त्या सुंदर आहेतच. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, या पद्धतीला एक भयंकर बाजू होती. तिचं नाव नारू.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, बऱ्याच जणांना हे नाव ठाऊक असेल. नारू म्हणजे एक जंत. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसतील असे सायक्लॉप्स नावाचे जीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात असतात. ते पाणी प्यायलं की अळ्या आपल्या अंगात येतात. काहीच कळत नाही. सुमारे वर्षभरानं पायावर फोड येतो, प्रचंड आग होते, आणि त्या फोडातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायला लागतो, कधीकधी जवळजवळ एक मीटर लांबीचा. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर आणखी वाईट. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत काढायचा, दिवसेंदिवस. औषध नाही, लस नाही. आणि आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवायचा, त्याच बारवेत. जंत तिथं हजारो अळ्या सोडायचा आणि चक्र पुन्हा सुरू.

महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदवला गेला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. एकही लस न वापरता एक अख्खा रोग देशातून गेला. गाळून पाणी पिणं, पाण्यात औषध टाकणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि त्याजागी हापसे बसवणं, एवढ्यावर. हापशात पाय बुडवता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

दुसरी गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. 'गावची विहीर' म्हणजे सगळ्या गावाची, असं कधीच नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ साली केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, खटले झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. म्हणून 'गावानं चालवलेली पाणी योजना' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, गाव म्हणजे कोण? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

बहात्तरचा दुष्काळ आणि काळा पाषाण

आता १९७२. महाराष्ट्रात घरोघरी या दुष्काळाच्या आठवणी आहेत, सुकडीच्या, खडी फोडण्याच्या कामांच्या. विहिरी आटल्या. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. या दगडात पाणी मुरतं ते भेगांमध्ये. हातानं विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावत महिनोन्महिने काम, आणि तरी पाणी लागेल याची खात्री नाही.

याच सुमारास नवं तंत्र आलं होतं. १९६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशच्या दुष्काळात युनिसेफनं बोअर घेणारी यंत्रं भारतात आणली होती. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा दगडात घुसत जातो, आणि जिथं विहिरीला महिने लागायचे तिथं एकदोन दिवसांत खोल बोअर तयार होतं. वरून झाकलेलं, खोलवरचं, माणसांच्या पायांपासून दूर असलेलं पाणी. सत्तरच्या दशकात देशभर गावोगावी बोअर घेण्याचा धडाका सुरू झाला.

पण इथं एक मेख होती. बोअर जेमतेम वीतभर रुंदीचं. त्यात पोहरा सोडता येत नाही. विहीर आटली नसेल, तर दोर आणि बादली असली की झालं. दोर तुटला तर दुसरा आणता येतो, कुणाची वाट बघावी लागत नाही. बोअरवर मात्र पंप हवाच. आणि पंप बिघडला, तर शंभर फुटांवर स्वच्छ पाणी असूनही गाव तहानलेलं. म्हणजे बोअरनं गावाला स्वच्छ पाणी दिलं, आणि त्याच वेळी गाव एका यंत्रावर आणि ते दुरुस्त करणाऱ्या माणसावर अवलंबून राहायला लागलं.

आणि पंप बिघडले. थोडेथोडके नाही. १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा कळलं की बसवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आहेत. चारातले तीन! लाखो रुपये खर्चून घेतलेली बोअरं, आणि त्यांच्यावर गंजलेले लोखंडी सांगाडे.

दिवसाला तेहेतीस हजार हेलकावे

का बिघडले? कारण ते पंप मुळात गावासाठी बनलेलेच नव्हते. युरोप-अमेरिकेत शेतावरच्या एका कुटुंबासाठी जे बिडाचे पंप असायचे, त्यांच्या नकला इथं ओतून बसवल्या होत्या.

चला, एक साधं गणित करू. आपल्याकडचा सरकारी नियम असा होता की २५० माणसांमागे एक हातपंप, आणि माणशी दिवसाला ४० लिटर पाणी. म्हणजे एका पंपानं रोज १०,००० लिटर पाणी द्यायचं. चांगला पंप मिनिटाला साधारण १२ लिटर देतो. भागा. जवळजवळ १४ तास! सकाळी सहाला सुरू केला, तर रात्री आठपर्यंत एक मिनिटही न थांबता. मिनिटाला ४० वेळा दांडा खालीवर होतो असं धरलं, तर दिवसाला तेहेतीस हजार हेलकावे. वर्षाला एक कोटीच्या वर. आता ज्या पंपाची रचना सकाळ-संध्याकाळ चार बादल्यांसाठी झाली आहे, त्याचं काय होणार? खिळी झिजल्या, दांडे मोडले, बीड तडकलं. लोक म्हणायचे, गावकऱ्यांना वस्तू वापरता येत नाही. खरं म्हणजे गावकरी ती वस्तू नियमाप्रमाणेच वापरत होते. पंपच चुकीचा होता.

जालना आणि सोलापूर

आणि इथं गोष्ट आपल्याकडे येते. साठच्या दशकात मराठवाड्यात जालन्याला आणि नंतर सोलापुरात ख्रिस्ती मिशनशी संबंधित मंडळी दुष्काळी गावांत बोअर घेण्याचं काम करत होती. बोअर घ्यायचं, पंप बसवायचा, आणि काही महिन्यांत तोच पंप दुरुस्त करायला पुन्हा त्याच गावात जायचं, असा यांचा दिनक्रम. शेवटी कंटाळून त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत पंपाची रचनाच बदलायला घेतली. त्यातून आधी 'जालना पंप' आणि मग 'सोलापूर पंप' तयार झाला.

बदल काय केले? बीड सोडून पोलाद घेतलं. जिथं अनेक सांधे झिजत होते, तिथं एकच भक्कम सांधा ठेवला. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे पंपाच्या डोक्यात साखळी बसवली. पुढच्या वेळी हापशाचं झाकण उघडलेलं दिसलं तर आत डोकावून बघा. दांड्याच्या आतल्या टोकाला कमानीसारखा तुकडा असतो, त्यावरून साखळी जाते, आणि साखळीला खालच्या सळ्या जोडलेल्या असतात. दांडा कमानीत फिरतो, पण साखळीमुळे सळई नेहमी सरळ उभीच वर जाते, बाजूला ओढली जात नाही. त्यामुळं झीज कमी. खांब बोअरच्या पाइपाला नुसता आवळण्याऐवजी काँक्रीटमध्ये रोवला. भोवती ओटा, आणि सांडपाणी वाहून जायला नाली. ओट्यामुळं वरचं घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये मुरत नाही. म्हणजे ओटा शोभेचा नाही, पाणी स्वच्छ राहण्याचं अर्धं काम तोच करतो.

सोलापूर पंप टिकतो आहे हे बघून केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच रचनेवरून नवा पंप करायचं ठरवलं. अटी स्पष्ट होत्या. स्वस्त हवा, भारतातल्या साध्या कारखान्यांत बनला पाहिजे, बाई-मुलांना चालवता आला पाहिजे, आणि वारंवार बिघडता कामा नये. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात तो घडला, कोइमतूरच्या भागात खोल बोअरांवर त्याची परीक्षा झाली, आणि १९७७-७८ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बनायला लागला. नाव पडलं 'इंडिया मार्क टू'. तुमच्या गावातला हापसा बहुधा हाच.

एक गोष्ट मला फार आवडते. या पंपाचं पेटंट कुणी घेतलं नाही. रचना सगळ्यांसाठी खुली ठेवली, फक्त मापं आणि दर्जा भारतीय मानक म्हणून ठरवून दिला. आजच्या भाषेत ओपन सोर्स. कुठल्याही कारखान्यानं बनवावा, पण एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसला पाहिजे. त्यामुळं तो आफ्रिकेत गेला, युगांडात त्याचीच स्थानिक आवृत्ती बनायला लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे ५० लाख पंप बसल्याचं सांगितलं जातं. जगात सगळ्यात जास्त पसरलेला हातपंप, आणि त्याचं मूळ जालना-सोलापुरात.

पण पाना कुणाच्या हातात?

गोष्ट इथं संपवली असती तर छान शेवट झाला असता. पण माझ्या आजोळचा बंद हापसा 'मार्क टू'च होता. म्हणजे चांगला पंपही कधीतरी बिघडतोच. बहुतेक वेळा बिघाड छोटा असतो. आत चामड्याचा वायसर असतो, तो झिजतो. दोन-पाच रुपयांची वस्तू. पण तो बदलायचा तर जमिनीखालचे सगळे पाइप वर काढावे लागतात. तीन-तीन मीटरचे दहाबारा लोखंडी पाइप, पाण्यानं भरलेले. तिकाटणं हवं, साखळी हवी, चारपाच माणसं हवीत, गाडी हवी. म्हणजे वायसर पाच रुपयांचा आणि तो बदलायला तालुक्याहून फौज.

सरकारनं यावर एक व्यवस्था आखली. तमिळनाडूत सुरू झालेली ही व्यवस्था तीन पायऱ्यांची होती. गावात एक राखणदार, ज्याच्याकडे पाना, वंगण आणि पत्ता छापलेली पोस्टकार्डं. तालुक्याला एक मेकॅनिक. जिल्ह्याला गाडीसह फिरतं पथक. पंप बिघडला की राखणदारानं पोस्टकार्ड टाकायचं. कल्पना वाईट नव्हती. पण विचार करा, पोस्टकार्ड पोचणार, कुणी वाचणार, पथकाची पाळी येणार, गाडीला डिझेल असणार, तेव्हा पाणी येणार. तोवर बायका कुठं जाणार? पुन्हा उघड्या विहिरीवर. आठवडाभर जरी जुनं पाणी प्यायलं, तरी जुलाब परत येतात. स्वच्छ पाण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा ते रोज मिळतं.

मग काही लोकांनी उलटा विचार केला. पाना गावातच का ठेवू नये?

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावात १९७२ साली बंकर रॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संस्था सुरू केली होती, आज ती बेअरफूट कॉलेज म्हणून ओळखली जाते. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच, फारसं न शिकलेल्या तरुणांना 'हँडपंप मिस्त्री' म्हणून तयार केलं. सायकल दुरुस्त करणारा पोरगा पंप का दुरुस्त करू शकणार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. तीन पायऱ्यांऐवजी एकच पायरी, जवळपासच्या काही गावांचा एक मिस्त्री.

त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात आणखी पुढचं पाऊल पडलं. महिला समाख्या या कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायकांनी हातपंप दुरुस्तीचं प्रशिक्षण घेतलं. जड पाइप, पाने, तिकाटणं, सगळं बायकांच्या हातात. म्हणजे ज्या बायकांच्या स्पर्शानं पाणी बाटतं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, त्यांनीच पाना घेऊन पाणी चालू करायचं. महाडच्या ओंजळीपासून इथपर्यंतचा हा रस्ता आहे. पंप दुरुस्त करता करता या बायकांना हिशोब, नोंदी, अर्ज लिहायची गरज पडली, म्हणून त्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्यातून 'महिला डाकिया' नावाचं छोटं पत्रक निघालं, आणि त्याच वाटेनं २००२ साली चित्रकूटमध्ये 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र सुरू झालं. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ज्यांच्यावर आहे, त्याच या पत्रकार. त्या गोष्टीच्या मुळाशी एक हापसा आहे!

बायकाच का? कारण पंप बंद पडला की चालावं त्यांना लागतं. ज्याच्या डोक्यावर घागर आहे, त्याच्याच हातात पाना असेल तर दुरुस्ती लांबत नाही. साधी गोष्ट आहे, पण व्यवस्थेला ती कळायला वीस वर्षं लागली.

यंत्रानंही मग गावाच्या दिशेनं पाऊल टाकलं. ऐंशीच्या दशकात कोइमतूर भागात पुन्हा चाचण्या झाल्या आणि 'इंडिया मार्क थ्री' आला. यात वरचा पाइप थोडा रुंद केला, त्यामुळं सगळे पाइप न काढता नुसत्या सळ्या ओढून आतला दट्ट्या वर काढता येतो. चामड्याऐवजी रबराचा वायसर, जो कितीतरी जास्त टिकतो. फौजेचं काम दोनतीन माणसांवर आलं.

समिती म्हणजे काय करायचं?

नव्वदच्या दशकात ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, आणि पिण्याचं पाणी त्यांच्या विषयांत आलं. महाराष्ट्रानं २००० साली धोरण बदललं. सरकारनं परस्पर योजना बांधून गावावर सोडायची नाही. गावानं मागणी करायची, खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी काढायची, समिती निवडायची, आणि नंतर योजना स्वतः चालवायची. २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं 'जलस्वराज्य' प्रकल्प याच पद्धतीनं राबवला गेला.

ऐकायला छान वाटतं. पण रोज समितीनं करायचं काय असतं, ते सांगते. टाकीत दररोज टीसीएल पावडर मोजून टाकायची, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती पावडर उघडी राहिली की निकामी होते, म्हणून कोरडी, बंद ठेवायची. मग गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायची. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलं. रंग नाही आला, तर मधे कुठंतरी पाइप फुटून गटाराचं पाणी शिरत असण्याची शक्यता. महाराष्ट्रात यासाठी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, आणि गावाच्या पाण्याची स्थिती बघून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कुठलं कार्ड आहे, माहीत आहे का? विचारून बघा.

मग पाणीपट्टी. वीजबिल भरायचं, मोटर जळाली तर पैसे हवेत, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार. पाणीपट्टी थकली की वीज तुटते, वीज तुटली की पाणी बंद, पाणी बंद म्हणून लोक पाणीपट्टी देत नाहीत. यात गाव एकदा अडकलं की बाहेर पडणं अवघड.

आणि मघाचा प्रश्न, गाव म्हणजे कोण? समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. पण त्या बैठकीत बोलतात, की त्यांच्या सह्या घरी येऊन घेतल्या जातात? पाइपलाइन वस्तीपर्यंत जाते, की चढावर आहे म्हणून वस्तीला शेवटी आणि कमी दाबानं पाणी? ज्यानं वर्गणी भरली नाही त्याचं काय, तो देऊ शकत नव्हता की द्यायचं नव्हतं? शेवटच्या घराला पाणी मिळतंय का, ही माझ्या मते पाणी योजनेची खरी ओटी टेस्ट आहे.

समितीच्या हातात नसलेलीही एक गोष्ट आहे. हापशाचं बोअर आणि शेजारच्या शेतातलं बोअर एकाच खडकातलं पाणी ओढतात. शेतातली मोटर खोल गेली की हापसा कोरडा. महाराष्ट्रानं १९९३ साली कायदा केला, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायचं नाही. पण शेजाऱ्याला, भावकीतल्या माणसाला "तुझं बोअर थांबव" हे सांगायचं कुणी? शिवाय फार खोल गेलं की काही भागांत पाण्यात फ्लोराइड येतं, दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. आपल्याकडं यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांनी हे सोसलं आहे. स्वच्छ दिसणारं पाणीही तपासावं लागतं, ते यासाठी.

आता नळ आले

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. हापशाच्या काळात माणशी ४० लिटर होते, आता घरात नळ आणि माणशी ५५ लिटर. पुन्हा समिती, पुन्हा वर्गणी, आणि गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण. घरात नळ येणं ही मोठी गोष्ट आहे, कुणी काही म्हणो. आजीच्या डोक्यावरची घागर उतरली, यापेक्षा मोठी प्रगती काय असते?

पण १९७४ ची ती पाहणी विसरू नका. चारातले तीन पंप बंद. तेव्हाही मोजणी बसवलेल्या पंपांची व्हायची, चालणाऱ्या पंपांची नाही. नळ किती बसले हा आकडा सरकार सांगेल. तो नळ तीन वर्षांनी चालतोय का, हे गावालाच बघावं लागेल.

गेल्या वर्षी आजोळी गेले होते. शाळेमागचा हापसा अजून आहे. घरोघरी नळ आले आहेत, त्यामुळं त्याच्याकडं कुणी फारसं जात नाही. पण त्या दिवशी लाइट नव्हती, टाकी भरली नव्हती, आणि हापशावर रांग लागली होती. दांडा ओला होता, चालू होता. मी एका मावशींना विचारलं, "हा बिघडला की कोण दुरुस्त करतं?" त्या म्हणाल्या, "आमच्या गटातली पोरगी हाय की. तिच्याकडं पाना हाय."

मला एवढंच ऐकायचं होतं.

तर मंडळी, आजचं काम सोपं आहे. तुमच्या गावात, किंवा मामाच्या, आजीच्या गावात एक फोन लावा आणि विचारा, पाना कुणाकडे आहे? टाकीत पावडर कोण टाकतं? शेवटच्या घरी पाणी जातं का? उत्तरं आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा, आपण ती पुढच्या एका भागात ऐकू. आणि उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न विचारायला सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, पाणी गाळून प्या!